पे-स्लिप मागितल्या म्हणजे नोकरी लागली, असं नसतं

ताई,

मी ४६ वर्षांचा आहे. आधी मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग नोकरी करता करता बी.ई. २३ वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत गेली. त्यातली शेवटची ११ चाकणच्या एका कंपनीत, सप्लायर क्वालिटीचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या पार्टचा दर्जा बघणारा, मॅनेजर म्हणून. आठ महिन्यांपूर्वी इंजिनाच्या पार्टची लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवली आणि आमचा विभागच बंद झाला. तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवला, निरोपाचं जेवण दिलं, संपलं.

तेव्हापासून साठाच्या वर अर्ज केले. बहुतेकांचं उत्तरच नाही. सात ठिकाणी मुलाखती झाल्या. कुणी ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणालं, कुणी ‘तुमचं सीटीसी बसत नाही’, म्हणजे पगाराचं पॅकेज जास्त आहे, असं म्हणालं. शेवटची मुलाखत रांजणगावला होती. पाच आठवड्यांत चार राउंड झाले. प्लांट हेडनं स्वतः शॉप फ्लोअर फिरवून दाखवला. एचआरनं पे-स्लिप मागितल्या, कधी जॉइन होऊ शकाल म्हणून विचारलं. मी घरी सांगून टाकलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. त्या पाच आठवड्यांत मी दुसरीकडे कुठंच अर्ज केला नाही, कारण हे काम झाल्यातच जमा होतं. मग तीन आठवडे काही हालचाल नाही, आणि एका संध्याकाळी दोन ओळींचा मेल आला. दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे म्हणून.

त्या दिवसापासून लॅपटॉप उघडवत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही. ‘सध्या कुठं?’ असं विचारतील म्हणून भाच्याच्या मुंजीलासुद्धा गेलो नाही. बायको सहकारी बँकेत आहे, त्यामुळे घर चाललंय. मुलगी बारावीला आहे. आशा ठेवली की नंतर जास्त लागतं, त्यापेक्षा न ठेवलेली बरी, असं वाटायला लागलंय. ठेवायची तरी कशी आणि किती दिवस?

ता. क. तिसऱ्या महिन्यात वाळूजच्या एका लहान कंपनीनं विचारलं होतं. दोन वर्षांचा करार, पगार आधीपेक्षा तीस टक्के कमी. मी तेव्हा सरळ नाही म्हटलं. आता रोज रात्री ते आठवतं.

– एक वाचक, चिंचवड


नमस्कार,

तुमच्या पत्रात मी अडकले ती मधल्याच एका वाक्याशी. तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात: त्या पाच आठवड्यांत दुसरीकडे कुठंच अर्ज केला नाही. पुढचे तीन आठवडे उत्तराची वाट बघण्यात गेले. म्हणजे आठ महिन्यांतले जवळपास दोन महिने एका खुर्चीसाठी बाकीची सगळी दारं तुम्ही ओढून घेतली होती. मेल आला तेव्हा एक जागा गेली, पण तेवढी एकच जागा समोर असल्यामुळे सगळंच गेल्यासारखं झालं. लागणारच.

तेव्हा आशा ठेवू की नको, याचं माझं उत्तर सोपं आहे. हवी तेवढी ठेवा, फक्त एका ठिकाणी ठेवू नका. कुठल्याही दिवशी तीन-चार ठिकाणी काहीतरी चालू असलं पाहिजे: एकीकडे अर्ज गेलाय, दुसरीकडे फोन व्हायचाय, तिसरीकडे पहिला राउंड झालाय. चौथ्या राउंडला पोचलात तरी नवा अर्ज त्याच आठवड्यात दुसरीकडे जायला हवा. ऑफर लेटर हातात आलं तरी जॉइन होईपर्यंत शोध बंद करू नका, कारण ऑफरही मागे घेतली जाते. तुमच्यासारख्या इमानदार माणसाला हे थोडं दगाबाजीसारखं वाटेल, मला माहीत आहे. पण समोरची कंपनी एका जागेसाठी एकाच माणसाशी बोलत नसते.

मी पिंपरी-भोसरी पट्ट्यात बरीच वर्षं एचआरमध्ये काढली, तेव्हा टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते सांगते. शेवटच्या टप्प्याला बहुतेक वेळा दोन नावं उरतात, कधी तीन. पे-स्लिप सगळ्यांच्याच मागवतात, कारण वरच्या साहेबांपुढे तक्ता ठेवायचा असतो: सध्याचा पगार किती, अपेक्षा किती, येणार कधी. जॉइनिंगची तारीख विचारणं हा त्याच तक्त्यातला एक रकाना. त्यातल्या पहिल्या नावाला ऑफर जाते. तो माणूस कुठंतरी नोकरीत असतो आणि आपल्याकडे त्याचा नोटीस पिरियड साठ नाहीतर नव्वद दिवसांचा. तो राजीनामा देतो, त्याची जुनी कंपनी पगार वाढवून त्याला थांबवायला बघते, तो आठवडाभर इकडे की तिकडे करत राहतो. एचआरला हा खेळ पाठ असतो. म्हणून दुसऱ्या नावाला लगेच नकार जात नाही. त्याला गरम ठेवतात, हा आमच्याकडचा शब्द. पहिल्याचं पक्कं झालं असं वाटलं की मग दुसऱ्याला दोन ओळींचा मेल.

तुमचे ते तीन आठवडे मला तरी असेच दिसतात. अर्थात मी तिथं नव्हते. कदाचित जागाच गोठवली असेल. तिमाही संपता संपता फायनान्सवाले हे सर्रास करतात. कदाचित त्यांच्याच दुसऱ्या प्लांटमधला कुणी आधीपासून ठरलेला असेल आणि बाहेरच्या मुलाखती नियमापुरत्या झाल्या असतील. खरं कारण तुम्हाला कधीच कळणार नाही. एवढं मात्र नक्की, की ज्याला नुसतं कटवायचंय त्याला प्लांट हेड शॉप फ्लोअर फिरवत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो.

माणसाला असं टांगून ठेवणं वाईट, यात शंका नाही. आमच्या धंद्याचा हा जुना रोग आहे.

तुम्ही उभा जन्म सप्लायरचे लॉट रिजेक्ट केलेत. रिजेक्ट झालेला प्रत्येक पार्ट काही स्क्रॅपच्या लाल पेटीत जात नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. काही रिवर्कला, म्हणजे दुरुस्तीला जातात, काही डेव्हिएशन, म्हणजे खास सवलत घेऊन लाइनवर चढतात, आणि कधी कधी माल चांगला असतो पण मागणीचं शेड्यूलच रद्द झालेलं असतं म्हणून कुणीतरी खुसपट काढून गाडी परत पाठवतो. तुमच्या सात मुलाखतींची अशीच विभागणी करा, कागदावर. रांजणगाव रद्द झालेल्या शेड्यूलमध्ये टाका. ‘सीटीसी बसत नाही’ आणि ‘ओव्हरक्वालिफाइड’ हे रिवर्कमध्ये, कारण तिथं हात घालता येतो. ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांच्यावर विचार करण्यात रात्री घालवू नका. डेटा नसताना मूळ कारण शोधणारं व्हाय-व्हाय अ‍ॅनालिसिस करून आणणाऱ्या सप्लायरला तुम्ही काय सुनावलं असतं?

आता रिवर्कचं. ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणणाऱ्याच्या मनात सहसा दोन भीती असतात. एक, हा बरी जागा मिळाली की सहा महिन्यांत निघून जाईल. दुसरी, ज्याच्या हाताखाली काम करायचं तो पस्तिशीचा आहे, तर हा त्याचं ऐकेल का? ही दुसरी कुणी तोंडानं बोलत नाही. म्हणून त्यांनी विचारायची वाट न बघता तुम्हीच बोला. ‘मला माणसं सांभाळण्यापेक्षा सप्लायरच्या शॉपवर उभं राहून प्रॉब्लेम सोडवायला जास्त आवडतं, रिपोर्टिंग कुणालाही असलं तरी मला चालेल,’ असं काहीतरी, खरं असेल तरच. पगाराचंही तसंच. ‘आधीचा इतका होता, आता यापासून यापर्यंत चालेल’ असा पल्ला पहिल्याच फोनवर सांगून टाका. त्यांचा आकडा त्यात बसत नसेल तर दोघांचा वेळ वाचला, आणि चार राउंडनंतरचा मनस्तापही.

एक बारीक गोष्ट, पण हीच सगळ्यात जास्त उपयोगाची. नौकरी डॉट कॉमच्या प्रोफाइलमध्ये नोटीस पिरियडचा रकाना असतो. चाकणला असताना भरलेले तीन महिने अजून तसेच असतील तर आज बदला. ‘१५ दिवस किंवा कमी’ असा फिल्टर लावून कन्सल्टंट माणसं शोधतात. ज्याचा माणूस अचानक सोडून गेलाय आणि ज्याच्या दारात कस्टमरचं ऑडिट उभं आहे, त्याला नव्वद दिवसांनी येणारा हिरा नको असतो, सोमवारी येणारा माणूस हवा असतो. नोकरी नसणं तुम्हाला कमीपणाचं वाटतंय, पण या एका रकान्यात तुम्ही नोकरीत असलेल्यांच्या पुढे आहात. तारखा मात्र खऱ्या लिहा. ‘अजून तिथंच आहे’ असं भासवण्याचा मोह होतो. पण पीएफच्या यूएएन या कायमच्या नंबरवर तुमची कुठल्या कंपनीत किती नोकरी ते सगळं दिसतं, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले ते बघतातच.

रांजणगावच्या मेलला उत्तर दिलंत का? पत्रात नाही, म्हणजे बहुधा दिलं नसेल. आजही उशीर झालेला नाही. एचआरला आणि प्लांट हेडला वेगवेगळं, तीन-चार वाक्यांत: वेळ दिल्याबद्दल आभार, तुमच्या मशिनिंग सेलमधलं अमुक काम बघून छान वाटलं (त्यांनी दाखवलेलं खरं काहीतरी), ही किंवा अशी जागा पुढे निघाली तर जरूर कळवा, मी आठवड्याभरात येऊ शकतो. बस. का घेतलं नाही हे विचारू नका, गुळमुळीत उत्तर येईल आणि ते तुम्ही महिनाभर चघळाल. नोटीस पिरियड संपताना पहिला माणूस पाठ फिरवतो, असं पुष्कळदा होतं. जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करून बसलेले उमेदवार मी पाहिलेत. अशा वेळी एचआर जुना तक्ता उघडते आणि ज्यानं नकारानंतरही नीट उत्तर दिलं होतं त्याला आधी फोन लावते. म्हणून दीडेक महिन्यानं एक साधा मेसेज टाका. लागलं तर लागलं, पण हे तुमच्या तीन-चारांपैकी एक. ह्याच्यावर पुन्हा सगळं टांगायचं नाही.

मुंजीला गेला नाहीत, याचं मला मेलपेक्षाही जास्त वाईट वाटलं. मार्क ग्रानोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बोस्टनजवळच्या न्यूटन गावात, नोकरी बदललेल्या तांत्रिक आणि व्यवस्थापनातल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीची खबर लागली तो तुम्हाला कितीदा भेटायचा. १९७३ साली त्यानं ते आकडे छापले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती खबर वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती. बाकीच्यांना कधीमधी नाहीतर क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतंच. नवी बातमी लांबच्या माणसाकडे असते. आणि आपल्याकडे लांबची माणसं एकगठ्ठा कुठं भेटतात? मुंजीत, साखरपुड्यात, वास्तुशांतीच्या पंगतीत. बायकोच्या मावसबहिणीचे यजमान साताऱ्याच्या एमआयडीसीत काय करतात हे तुम्हाला आज ठाऊक नाही.

‘सध्या कुठं?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर घरूनच घेऊन जा. ‘चाकणची लाइन दुसरीकडे गेली, आमचा विभाग बंद झाला. सप्लायर क्वालिटीतच बघतोय, कास्टिंग-मशिनिंग. पुण्याबाहेरही चालेल.’ एवढंच. यात रडगाणं नाही आणि बढाईही नाही, पण ऐकणाऱ्याला पुढे सांगता येईल इतकी माहिती आहे. ‘बघतोय काहीतरी’ म्हणालात तर तो तुमच्यासाठी काहीच करू शकत नाही, त्याची इच्छा असली तरी. चार जणांना कुजबुजायला मिळेल हे खरं. आठ महिन्यांत ती कुजबुज तशीही होऊन गेली असेल.

तुमच्या लांबच्या ओळखींची खरी खाण मात्र मुंजीत नाही, तुमच्या फोनमध्ये आहे. २३ वर्षं तुम्ही सप्लायरकडे जाताय. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या असतील, नाशिकच्या अंबड-सातपूरचे मशिनिंगवाले असतील, भोसरीच्या गाळ्यांतले प्रेसवाले असतील. पत्रात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही, आणि का नाही ते मला कळतं. ज्याच्याकडे ऑडिटर म्हणून गेलो, ज्याच्या पार्टला लाल टॅग लावला, त्याच्यापुढे आता बायोडाटा घेऊन कसं उभं राहायचं? पण तुम्ही कामाला कसे आहात हे अख्ख्या महाराष्ट्रात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. लाल टॅग लावल्यावर आरडाओरडा करून निघून गेलात, की डाय कुठं झिजलीय ते बघायला रात्री नऊपर्यंत थांबलात, हे त्यांच्या पक्कं लक्षात असतं. दुसरं जर केलं असेल, आणि तुमच्या पत्राच्या सुरावरून केलं असावं असं वाटतं, तर त्या फोनला संकोच करू नका. नोकरी मागायची नाही. ‘तुमचे दुसरे कस्टमर कोण, तिकडे क्वालिटीत काही हालचाल आहे का?’ एवढंच विचारायचं. एक सप्लायर पाच-सहा कंपन्यांना माल देतो. कुठल्या कंपनीचा क्वालिटी हेड वैतागून निघायच्या तयारीत आहे हे नौकरी डॉट कॉमच्या आधी त्याला कळतं.

शिवाय त्यांच्याकडे सुट्टं काम असतं. लहान फाउंड्रीला आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगातल्या क्वालिटीचं, सर्टिफिकेट टिकवायचं असतं, कस्टमर पीपॅपची, म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायची, कागदपत्रं मागत असतो, आणि ते लिहिणारा माणूस पूर्णवेळ ठेवणं मालकाला झेपत नाही. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही ते करू शकता. पैसे फार मिळणार नाहीत. पण मुलाखतीत ‘गेले आठ महिने काय करताय?’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मंगळवारी सकाळी आंघोळ करून बूट घालून कुणाच्या तरी शॉपवर जायला कारण मिळेल. सकाळी उठावंसं वाटत नाही म्हणता ना, त्यावर मला याच्याइतका चांगला उपाय माहीत नाही.

चाकणच्या कंपनीबद्दल पत्रात तुम्ही फक्त ‘संपलं’ एवढंच लिहिलंत. हा शब्द मुलाखतीत कसा बाहेर पडतो? ‘का सोडलं?’ या प्रश्नावर एक क्षण गप्प, मग ‘लाइन शिफ्ट केली’, मग न राहवून ‘अकरा वर्षं दिली त्यांना, पण असो’. त्या ‘पण असो’ला समोरचा पेन खाली ठेवतो. मी हे कितीतरी चांगल्या माणसांच्या बाबतीत पाहिलंय. राग खराच असतो, जागा चुकीची असते. त्याला दुसरी जागा द्या. जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली, नोकरीवरून कमी केलेल्या अनुभवी लोकांवर केलेला एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काही जणांना सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात जे काही आहे ते लिहायला सांगितलं होतं. काहींना नुसतं कामाच्या नियोजनाबद्दल लिहायला सांगितलं, आणि काहींनी काहीच लिहिलं नाही. पुढच्या काही महिन्यांत मनातलं लिहिणाऱ्यांना बाकीच्यांपेक्षा लवकर नोकऱ्या लागल्या. गंमत म्हणजे त्यांच्या मुलाखती काही जास्त झाल्या नव्हत्या. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्याला दगडावरची रेघ समजू नका. पण पाच दिवस आणि एक शंभर पानी वही, यात जातं काय? शिव्या घाला, मराठीत घाला, आणि वही फाडून टाका. मग मुलाखतीत ‘लाइन हलवली, विभाग बंद झाला’ इथं वाक्य संपवता येतंय का ते बायकोसमोर एकदा बोलून बघा.

घरच्यांचं म्हणाल, तर आईला साखर ठेवू द्या. तो तिचा आणि देवाचा व्यवहार आहे, त्यात तुमची नामुष्की कुठंच नाही. तुम्हाला लाज वाटतेय ती घाईनं सांगून टाकल्याची, तर यापुढे घरात असं ठरवा की लेखी ऑफर आल्याशिवाय बातमी सांगायची नाही, आणि नोकरीचा विषय रविवारी सकाळी एकदाच निघेल. रोज संध्याकाळी बायकोनं दारातून आत येताना तुमचा चेहरा वाचायचा, हे तिलाही जड जात असणार. मुलीला मात्र अंधारात ठेवू नका. बारावीच्या मुलीला घरात काय चाललंय ते कळतंच, फक्त विचारायची चोरी असते.

किती दिवस, हे मनाला विचारू नका. मन सकाळी एक सांगेल, संध्याकाळी दुसरं. हे पासबुकाला विचारा. बायकोचा पगार वजा जाता दरमहा किती कमी पडतात, मुलीच्या प्रवेशाचे पुढच्या जूनमध्ये किती लागणार, आणि बाजूला असलेले पैसे त्याला किती महिने पुरतील? दोघांनी बसून तो महिना कॅलेंडरवर लिहा. त्याच्या तीन महिने आधीची तारीख ही तुमची बदलाची तारीख. तोपर्यंत मनासारखी जागा शोधायची, त्यानंतर कमी पगार, करार, दुसरं शहर, सगळं चालेल. हे एकदा ठरलं की रोज उठून ‘आशा सोडू का’ हा प्रश्न उरत नाही. जोडीला दोन हिशेब तपासून घ्या. ११ वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी त्या तीन पगारांच्या व्यतिरिक्त असते, दर वर्षाला १५ दिवसांचं वेतन या हिशेबानं, आणि कायद्यानं ती ३० दिवसांत द्यायची असते. मिळाली नसेल तर आजच लेखी मागा. दुसरं, कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो. आई घरात आहे, तेव्हा नवा अजून घेतला नसेल तर हे काम या आठवड्याचं. पीएफला शक्यतो हात लावू नका. भरणा थांबला तरी ५८ वर्षांपर्यंत त्यावर व्याज मिळत राहतं.

आणि नोकरी लावून देतो म्हणून रजिस्ट्रेशनचे किंवा डिपॉझिटचे पैसे मागणारा फोन आला तर ठेवून द्या. आठ महिने झालेल्या माणसांवरच यांचा डोळा असतो. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा ‘आपण नसलेलो बरं’ असा विचार एकदा जरी डोकावला असेल, तर नोकरीचं सगळं बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा. दिवसरात्र चालू असते, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. सकाळी न उठवणं जर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल तर फॅमिली डॉक्टरांना तसंही सांगाच.

राहता राहिलं वाळूज. तिसऱ्या महिन्यात नाही म्हटलंत ते तेव्हाच्या हिशेबानं बरोबर होतं. हातात पगार होता, बाजाराचा अंदाज नव्हता, आणि तीस टक्के म्हणजे काही किरकोळ नाही. ते रोज रात्री उकरून काढण्यापेक्षा दिवसा एक फोन करा. एचआरला नको. लहान कंपनीत मालकच सगळं बघतो, तेव्हा थेट त्यांना. ‘त्या वेळी घरच्या कारणानं जमलं नाही’ वगैरे सारवासारव नको. ‘तेव्हा पगाराचा विचार केला होता, आता परिस्थिती बदलली आहे, जागा अजून असेल तर भेटायला येतो’ असं सरळ सांगा. लहान कारखान्यांत अशी जागा पाच महिने रिकामी राहू शकते, नाहीतर भरलेला माणूस टिकत नाही. गेलात तर पगारावर फार ओढाताण करू नका, पण दोन गोष्टींवर अडून बसा. चिंचवडला येण्याजाण्यासाठी महिन्यातून दोन शनिवार सुट्टी. आणि करारातला नोटीस पिरियड एक महिन्याचाच, कारण रांजणगावसारख्या एखाद्या जागेचा फोन पुढे आलाच, तर तुम्हाला महिन्याभरात जाता आलं पाहिजे.